35 अंशांपर्यंतच

एप्रिल उजाडला की जळगावकर कूलरचे पॅड बदलतो, वर्षाची तूरडाळ भरून ठेवतो आणि उरलेली कामे पावसाळ्यावर ढकलतो. एमआयडीसीत डाळ मिल चालवणाऱ्या एका नानांनी यंदा या वेळापत्रकात आणखी एक खरेदी घुसवली. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर जीएसटीचे रिटर्न भरता भरता मान टाकू लागला होता. हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याने फोनवर बजावले, "मामा, साधा घेऊ नका. बिझनेस लॅपटॉप घ्या."

नानांना ते लगेच पटले. ते बिझनेसच करत होते.

बातमी धुळ्याला गेली. तिथे पाचकंदीलजवळ साडूंचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत त्यांनाही मशीन हवेच होते, आणि दोन नग एकदम उचलले तर भाव तुटतो हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. साडू पारोळा-एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर तापत आले. मग नाना, साडू आणि मिलचे मुनीमजी असे तिघे गोलाणी मार्केटचा जिना चढले.

"दोघांना सारखाच द्या," नाना म्हणाले. अडचण या एका वाक्यात होती, पण ती कळायला दुपार जावी लागली.

दुकानदाराने आधी काळा थिंकपॅड पुढे केला. रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरच्या कल्पनेतून आयबीएमने 1992 मध्ये आणलेले हे रूप 2005 पासून लेनोवोच्या घरात नांदते आहे, आणि तीस वर्षांत ते फारसे बदललेले नाही. कीबोर्डच्या मधोमध असलेली लाल टिकली पाहून साडूंनी विचारले, "हे काय, कुंकू लावून पाठवलंय?" ती टिकली बोटाने ढकलली की पडद्यावरचा बाण हलतो, हे दुकानदाराने करून दाखवले. बाण हलला आणि नानांनी मान डोलावली. तेवढ्याने कोणाचा काही निर्णय झाला नाही.

मग एचपीचा चंदेरी एलिटबुक आला, मग डेल. डेलने 2025 च्या जानेवारीत लॅटिट्यूड हे जुने नाव बाजूला ठेवून डेल प्रो, डेल प्रो मॅक्स आणि त्यांच्यापुढे प्लस, प्रीमियम अशा उपाध्या सुरू केल्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाआधी 'मा. ना. श्री.' छापणाऱ्या आपल्या जिल्ह्यांना यात नवल वाटू नये. दुकानदार मात्र अजून लॅटिट्यूडच म्हणतो.

नानांनी एक मशीन तळहातावर तोलले. "सव्वा किलो. आणि दीड लाख?"

"हलका आहे म्हणूनच महाग, शेठ."

नानांच्या धंद्यात दाणा हलका निघाला की भाव पडतो. त्यांनी लॅपटॉप जपून खाली ठेवला.

डिझाइनचा निकाल शेवटी मुनीमजींनी लावला. त्यांनी सवयीने उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला टाकला आणि तो थेट काउंटरच्या काचेवर पडला. चौदा इंची बिझनेस लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा पॅड नसतो. मुनीमजींची बोटे त्या पॅडवर न बघता धावतात. वरच्या ओळीतले आकडे शोधत बसले असते तर त्यांचा ताळेबंद पुढच्या दिवाळीला जुळला असता. सडपातळ, देखणी मशीने एकेक करून खोक्यात परत गेली आणि सोळा इंचांवर बोलणी सुरू झाली.

धातूच्या अंगाचा एक गुण दुकानात कळत नाही. अर्थिंग कच्चे असेल तर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर मनगट टेकवताच मुंग्या येतात. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग आणखी ढिले पडते. म्हणून मिलवाले मीठ-कोळसा भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततात. एवढ्या देखण्या परदेशी मशीनची तब्येत मिलच्या मागच्या एका खड्ड्यावर ठरते, हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

आता साडूंची पाळी. त्यांनी थेट अहिराणीत विचारले, "यामा ग्राफिक कार्ड शे का?"

नानांनाही मग कार्ड हवेसे वाटू लागले. साडूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे नात्यात चालत नाही. पण नानांचे काम काय? टॅली, ई-वे बिल, व्हॉट्सॲपवर आलेला अकोल्याचा भाव. 1986 पासून चालत आलेल्या टॅलीला वेगळे ग्राफिक कार्ड कधी लागले नाही, प्रोसेसरबरोबर येणारे ग्राफिक्स तिला पुरून उरते. नानांच्या मिलमध्ये चित्र बघण्याचे खरे काम सॉर्टेक्स करतो. घरंगळत येणारा प्रत्येक दाणा तो कॅमेऱ्याने पाहतो आणि डागी दिसला की हवेच्या फटकाऱ्याने बाजूला उडवतो. त्याच्यासमोर लॅपटॉपच्या ग्राफिक्सने मिलमध्ये काय दिवे लावायचे?

साडूंचे तसे नाही. ड्रोनने टिपलेली वरात, फोर-के चित्रण आणि हळद उतरायच्या आत व्हिडिओ मागणारी वधूकडची मंडळी. त्यांच्या कामात कार्ड असले तर रात्र वाचते. गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवाल्यांना मात्र, कोरलड्रॉपुरते बोलायचे तर, कार्डापेक्षा भरपूर रॅम आणि खरे रंग दाखवणारा पडदा जास्त उपयोगी. नाहीतर दादांचा भगवा फेटा छापून येईपर्यंत गुलाबी होतो.

एवढ्यात माहितीपत्रक चाळणारे मुनीमजी थबकले. बारीक अक्षरांत लिहिले होते: वापरण्याचे तापमान 35 अंश सेल्सिअसपर्यंत.

चौघांनी बाहेर पाहिले. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास हिंडतो, धुळेही मागे राहत नाही. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या बिझनेस लॅपटॉपवर हीच मर्यादा छापलेली असते. म्हणजे खानदेशात हे मशीन कागदोपत्री दिवाळी ते होळी चालणार आणि मग मामाच्या गावाला जाणार. प्रत्यक्षात ते बंद पडत नाही, सावध होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला की आपला वेग आपणच उतरवतो. ग्राफिक कार्ड तापले की तेही तसेच करते. महागाचे कार्ड घ्यायचे आणि उन्हाळ्यात ते झोपेत चालताना पाहायचे. बॅटरीलाही साधारण 45 अंशांपुढे चार्ज होणे मानवत नाही, त्यामुळे दुपारी उन्हातल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये.

"पण मिल-स्टँडर्ड आहे," दुकानदाराने सावरले. नानांना वाटले, डाळ मिलसाठीच बनवलाय. निघाले अमेरिकी लष्कराचे 810 क्रमांकाचे मानक. त्यात उष्णता, धूळ, धक्के अशा अनेक चाचण्या आहेत. त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनी ठरवते, आणि लष्कर कुणाला त्याचे प्रमाणपत्र वाटत नाही. डाळीच्या चुनीचा भुगा पंख्याच्या जाळीत बसला की काय होते, हे त्या मानकात सापडले नाही.

राहिला सपोर्ट. "तीन वर्षं ऑनसाइट, नेक्स्ट बिझनेस डे," दुकानदार एका दमात म्हणाला.

"म्हणजे आज सांगितलं की माणूस उद्या मिलवर?"

दुकानदाराने पंख्याकडे पाहिले. आधी फोनवर तपासणी, मग पार्ट हाताशी असेल तर, मग तक्रार ठरावीक वेळेच्या आत नोंदली असेल तर, आणि मग तुमचे गाव त्यांच्या यादीत असेल तर. चहा सांडला किंवा पडदा फुटला तर ते वॉरंटीत नाही, त्याचे संरक्षण वेगळे विकत घ्यायचे. बॅटरीची हमी बऱ्याचदा एकाच वर्षाची.

नाना धंद्यातले माणूस. त्यांनी दुकानातूनच एका कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन लावला आणि जळगावचा पिनकोड सांगितला, 425001. बासरी ऐकून झाल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, येईल. साडूंनी 424001 सांगितला. पुन्हा बासरी. उत्तर आले: सेवा केंद्रात आणून द्यावे लागेल.

दोन सारख्या नगांचा बेत तिथेच मोडला. नानांनी सोळा इंची, आकड्यांच्या पॅडचे, कार्ड नसलेले मशीन घेतले. त्यावर तीन वर्षांची ऑनसाइट हमी आणि मुनीमजींच्या चहाकडे पाहून अपघाती नुकसानाचे संरक्षण. साडूंनी दुसऱ्या कंपनीचे कार्डवाले जाड मशीन घेतले. त्या कंपनीचा माणूस धुळ्यात येतो हे फोनवर पक्के केले आणि उरलेल्या पैशांत स्टुडिओच्या आतल्या खोलीसाठी एसीची चौकशी सुरू केली. भाव तुटला नाही. दोन बॅगा फुकट मिळाल्या.

या उन्हाळ्यात लॅपटॉप घ्यायला निघालेल्या खानदेशकरांनी मुनीमजींना, म्हणजे मशीन रोज वापरणाऱ्या माणसाला, बरोबर न्यावे. पैसे मोजण्याआधी कंपनीच्या नंबरवर आपला पिनकोड सांगावा, आणि ऑनसाइटचा शब्द बिलावर लिहून घ्यावा.