शुभ्रतेचे राखणदार

सॅन डिएगोच्या उत्तरेला एन्सिनिटास, कार्ल्सबॅड अशी गावं किनाऱ्याला धरून ओळीनं वसली आहेत. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत एखादं तरी गॅरेज असं सापडतं, ज्यात गाडी नसते. गाडी बाहेर उन्हात तापत असते आणि आत, अंधारात, एक सर्फबोर्ड विश्रांती घेत असतो.

मालक साठीकडे झुकलेला, अनवाणी, टी-शर्टवर वाळलेल्या रेझिनचे ओघळ. समुद्रावरून येणाऱ्या कुणालाही तो ‘लाटा कशा होत्या?’ असं विचारत नाही. तुमच्या काखेतला बोर्ड बघतो, आवाज उतरवून म्हणतो, ‘पिवळा पडायला लागलाय.’ घरच्यांना कल्पना दिली आहे का, एवढंच विचारायचं बाकी ठेवतो.

5 डिसेंबर 2005 ला क्लार्क फोम हा कारखाना एका दिवसात बंद झाला. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा गाभा तिथूनच यायचा. त्या सोमवारनंतर आपला हा गॅरेजवाला थर्माकोलकडे वळला. गणपतीच्या मखरांतून हद्दपार झालेला तोच, फक्त जास्त घट्ट. पण गाभ्यावर चढवायच्या नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं थर्माकोल विरघळतो, म्हणून वर एपॉक्सी रेझिन आलं. आणि एपॉक्सीबरोबर पिवळेपणाची चिंता घरात आली.

तशी पॉलिस्टरलाही ती चुकत नाही, पण हे त्याला सांगून उपयोग नसतो. एपॉक्सीच्या रेणूतली बेंझिनची कडी अतिनील किरण शोषते, हवेतला ऑक्सिजन हात धुऊन घेतो, आणि त्यातून पिवळा रंग दाखवणारे नवे रेणू तयार होतात. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरमधलं अमाईनही त्यात आपली भर घालतं. हे सगळं तो तुम्हाला उभ्याउभ्या, तुमच्या अंगावरून खारं पाणी निथळत असताना समजावतो. रेझिन आणि हार्डनर तो सोनाराच्या काट्यावर तोलतो. ‘हार्डनर जास्त ओतला की लवकर आवळतं’ असं एखाद्या पोरानं म्हटलं, तर त्याला रात्री जेवण जात नाही. एपॉक्सीत तसं काही होत नाही. उरलेलं अमाईन तेवढं पिवळं पडत बसतं.

रेझिनमध्ये तो अतिनील शोषणारं द्रव्य घालतो, शिवाय मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) पकडणारं दुसरं. दोन्हींनी पिवळेपण थांबत नाही, लांबतं. मग शेवटचं अस्त्र: सुईच्या टोकावर मावेल एवढा निळा-जांभळा रंग. आजी धोतरांना नीळ द्यायची ती याच हिशेबानं. पण आजी बादलीत अंदाजानं बोट फिरवायची, आणि हा नोंदवहीत लिहून ठेवतो.

गॅरेजच्या खिडकीला त्यानं चंदेरी कागद चिकटवला आहे, कारण साधी काच सगळे अतिनील किरण अडवत नाही. बोर्डाला चंदेरी पिशवी वेगळीच. समुद्रावर छत्री एक असते आणि ती बोर्डवर असते. बायको टोपी घेऊन येते. पहाटे तो पाण्यात शिरतो आणि लाटा ऐन रंगात येतात तेव्हा बाहेर पडतो, कारण ऊन वर आलेलं असतं. स्वतःच्या नाकाला मात्र काही लावत नाही. त्वचेचा डॉक्टर त्या नाकावरचं काही ना काही अधूनमधून काढत असतो.

मला विचाराल तर नुसत्या पिवळ्या पडलेल्या बोर्डाला लाट काही कमी मार्क देत नाही. हे मी त्याला एकदा सुचवून पाहिलं. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर साठच्या दशकातला एक लांब बोर्ड टांगलेला आहे, चांगला मधाच्या रंगाचा. मी त्याकडे बोट दाखवलं.

‘तो पिवळा नाही,’ तो म्हणाला, ‘तो मुरलाय.’

अखेर जागा अपुरी पडली आणि त्यानं एक पांढराशुभ्र बोर्ड विकायला काढला. एक कॉलेजचा मुलगा आला. त्यानं बोर्ड उलटासुलटा केला, कडांवरून हात फिरवला, शेपटीकडून डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, ‘लाटेवर कसा चालतो?’

राखणदार क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, ‘हार्डनर कुठला आहे, ते विचार.’