एसटीत उभे कसे राहावे

(खिडकीतून टाकलेला आपला रुमाल दुसऱ्याच्या रुमालावर पडल्यास उपयोगी)

साहित्य : लाल डबा एक, डोक्यावरचा दांडा एक, स्वतःचे पाय दोन. तिसरा पाय ऐनवेळी खाली मिळतोच.

कृती :

१. बस सुटताना : डबल बेल होताच पाय बसबरोबर निघतात, धड मात्र स्टँडवरच रेंगाळते. आपण मागच्या काकांच्या मांडीवर टेकतो. घाबरू नये. बाहेरून बल लागेपर्यंत स्थिर वस्तू स्थिरच राहते, हे न्यूटनसाहेबांनी १६८७ सालीच ‘प्रिन्सिपिया’त छापले आहे. काकांना तसे सांगावे. ग्रंथ लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये सांगितल्यास काका लवकर गप्प होतात.

२. ब्रेक लागताना : रस्त्यात म्हैस येते. ताशी ३६ किलोमीटरची बस, म्हणजे सेकंदाला १० मीटर, २ सेकंदांत थांबते. ६० किलोच्या प्रवाशाला तिच्याबरोबर थांबवायला ३०० न्यूटन बल लागते. ३० किलोचे पोते उचलायला लागते साधारण तेवढे. ते दांड्याने न पुरवल्यास पुढच्याची पाठ पुरवते. म्हणून तोंड खिडकीकडे, एक पाय ड्रायव्हरच्या बाजूला, दुसरा मागे, गुडघे किंचित वाकलेले, असे उभे राहावे. पाय एवढे फाकवायला जागा सापडलीच, तर आपण चुकीच्या बसमध्ये आहोत. पाटी पुन्हा वाचावी.

३. घाटात : वळणावर ‘बाहेर फेकला गेलो’ अशी तक्रार करू नये. आपण सरळच चाललो होतो, वळली ती बस. सरळमार्गी माणसाचे असेच होते.

४. मावशींचा पाय तुडवल्यास : न्यूटनसाहेबांच्या तिसऱ्या नियमानुसार मावशींच्या पायानेही आपल्या बुटाला तेवढ्याच बलाने वर ढकललेले असते. हिशेब चुकता. तरी हा मुद्दा मांडू नये. अंगठा मावशींचा आहे, आणि प्रतिक्रिया समानच असावी असे बंधन मावशींवर नाही.

५. जागा मिळाल्यास : पहिला नियम आता आपल्या बाजूचा. बसलेली वस्तू बसलेलीच राहते. मान खिडकीला टेकवून डोळे घट्ट मिटावेत. बाहेरचे बल पुढच्या थांब्यावर कडेवर मूल घेऊन चढते, समोर नुसते उभे राहते, आणि हात न लावता आपल्याला उठवते. न लावताच ओढणारे बल नेमके कसे चालते, हे न्यूटनसाहेबांनाही शेवटपर्यंत सांगता आले नव्हते.