ठेका चुकला कुणाचा?

गेमच्या धंद्यातले बडे लोक उठता-बसता सांगतात, नवं काही करून बघणं आता परवडत नाही. एकेका गेमला शेकडो माणसं, पाच-सहा वर्षं नि कोट्यवधी डॉलर लागतात; एक आपटला की अख्खा स्टुडिओ बसतो. पैशांचं हे गणित खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

‘हाय-फाय रश’ घ्या. टोकियोच्या टँगो गेमवर्क्सचा हा गेम मायक्रोसॉफ्टनं २५ जानेवारी २०२३ला जाहीर केला आणि त्याच दिवशी विकायला काढला. भयकथांचे गेम करणाऱ्यांनी इथे सगळं जगच ठेक्यावर नाचवलं. झाडं डुलतात, पाइप धडधडतात, चाय नावाचा नायक पाऊल टाकतो तेही बीटवर. तुम्ही बटण जरा मागेपुढे दाबलंत तरी त्याचा फटका ठेक्यावरच पडतो. नेमकं दाबलंत तर जोर वाढतो. तालाशी वैर असलेल्या माणसालाही हा गेम दहा मिनिटांत मान डोलवायला लावतो. कारागिरी म्हणतात ती ही.

तीस लाख लोकांनी तो खेळला. एप्रिल २०२४मध्ये ॲनिमेशनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. महिनाही लोटला नाही, तोच मायक्रोसॉफ्टनं टँगो या आपल्याच स्टुडिओला टाळं लावत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या अंतर्गत बैठकीत एक बडे अधिकारी म्हणाले, आपल्याला प्रतिष्ठा नि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवेत. ‘द व्हर्ज’नं ते छापलं. काखेतला कळसा आदल्या दिवशीच फोडून झाला होता!

आता सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ बघा. पाच विरुद्ध पाच, हीरो निवडा, गोळ्या झाडा. याच साच्यातला ‘ओव्हरवॉच’ २०१६पासून बाजारात, शिवाय तोवर फुकट झालेला. त्याच्यासमोर ४० डॉलर मागत हा गेम २३ ऑगस्ट २०२४ला उतरला. ६ सप्टेंबरला बंद. गिऱ्हाइकांचे पैसे परत. ऑक्टोबरअखेर स्टुडिओही गुंडाळला. मळलेल्या वाटेवर चालून हे झालं. अवाढव्य खर्च करून ओसरत्या लाटेमागे धावण्यात खरी जोखीम आहे, आणि तो निर्णय वरच्या मजल्यावर होतो. नोकरी जाते ती ॲनिमेटरची, प्रोग्रामरची. नाटकाचा जमलेला संच एकदा फुटला की पुन्हा जमवणं किती कठीण, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

टँगो मात्र वाचला. ‘बीजीएमआय’ या मोबाइल गेममुळे आपल्याकडची पोरं जिला ओळखतात त्या क्राफ्टन कंपनीनं ऑगस्ट २०२४मध्ये ‘हाय-फाय रश’चे हक्क घेतले आणि स्टुडिओतल्या माणसांनाही सामावून घेतलं.

त्या गेमची गोष्टही एका बलाढ्य कंपनीचीच आहे. कंपनी चायला ‘सदोष माल’ ठरवते, त्याच्या मागे यंत्रमानव सोडते, आणि त्याला एकेका खातेप्रमुखाशी लढावं लागतं: उत्पादन, संशोधन, जाहिरात, अर्थ. टाळं लागण्याच्या सव्वा वर्ष आधी टँगोच्या लोकांनी ही गोष्ट जगासमोर ठेवली होती.