कागदी कारखान्याचा धूर

एखाद्या प्रांताने किती माणसे, भांडवल आणि कोळसा खर्ची घातला, त्यातून किती उत्पन्न काढले आणि जाताजाता किती धूर सोडला, याचा ताळा म्हणजे त्या प्रांताची पर्यावरणीय कार्यक्षमता. ती मोजायची सर्वांत चालती रीत म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी 1978 साली ती सार्वजनिक संस्थांचे काम जोखण्यासाठी मांडली. धूर आणि सांडपाणी हिशेबात नंतर आले.

रीत मोठी दयाळू आहे. कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे, हे प्रत्येक प्रांतासाठी वेगळे ठरते आणि त्याला जास्तीत जास्त गुण पडतील असेच ठरते. गणितात गचकलेल्या मुलाला चित्रकलेच्या जोरावर पहिला काढावे, तसे. इतक्या सवलतीनंतरही मागे राहतो तो खराच मागासलेला. पैकीच्या पैकी गुण म्हणजे 1. हा 1 मिळतो तो इतर प्रांतांशी ताडून. स्वच्छ हवेशी त्याचा संबंध नाही. सगळेच काळवंडलेले असतील, तर कमी काळा तो पहिला.

चीन ही या अभ्यासाची पंढरी. मुख्य भूमीवर प्रांताच्या दर्जाचे विभाग 31, पण तिबेटची ऊर्जेची आकडेवारी मिळत नाही म्हणून बहुतेक अभ्यास 30वरच थांबतात आणि तिबेट परीक्षेला न बसताच सुटतो. बीजिंग आणि शांघाय बहुधा वर असतात, कोळशावर जगणारे शांशी आणि निंग्शिया तळाशी.

बीजिंगने त्यासाठी कष्ट उपसले आहेत. शोगांगच्या पोलादभट्ट्या 2010 अखेर शहरात विझल्या. कारखाना शेजारच्या हबेई प्रांतात, समुद्रकाठी गेला. 2017मध्ये शहरातले शेवटचे मोठे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. दिवे मात्र बंद झाले नाहीत, त्यांना इनर मंगोलियातून वीज येते. धूर जिथे कोळसा जळतो तिथल्या खात्यावर पडत असल्याने उजेड बीजिंगचा आणि काजळी इनर मंगोलियाची, अशी रास्त वाटणी होते. हबेईचा धूर वाऱ्याबरोबर राजधानीत परततो खरा, पण पाहुणा म्हणून. गुणपत्रिकेत त्याची नोंद नसते.

धूर घटवणे न जमल्यास उत्पन्न वाढवता येते. 2016च्या औद्योगिक उत्पादनातला सुमारे 40 टक्के आकडा खोटा होता, असे इनर मंगोलियाने जानेवारी 2018मध्ये कबूल केले. या 40 टक्क्यांना ना कोळसा लागला ना पाणी, शाई तेवढी लागली. आणि सूत्र तर खऱ्या पोलादाला आणि कागदी पोलादाला सारखाच मान देते. त्याच्या वर्षभर आधी लिआओनिंगनेही महसुलाचे आकडे फुगवल्याची कबुली दिली होती. तिथले पक्षप्रमुख असताना ली केकियांग यांनी 2007मध्ये अमेरिकी राजदूताला सांगितले होते की सकल उत्पादनाचे आकडे ‘मानवनिर्मित’ असतात, आपण स्वतः विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि कर्जे पाहतो. विकिलीक्सने ही गोष्ट फोडली. ली पुढे पंतप्रधान झाले.

काही अभ्यास धुराऐवजी हवेतले धूलिकण धरतात. तिथेही वाव आहे. 2016मध्ये शिआन शहरात पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांनी हवा तपासणाऱ्या यंत्राच्या तोंडात सुताचा बोळा कोंबला. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. वास्तविक मनुष्यबळ मोजके, भांडवल सुतापुरते, ऊर्जा नगण्य आणि प्रदूषणात तत्काळ घट; सूत्रात बसवून पाहिले तर या मंडळींना 1पेक्षा कमी देता येत नाही.