दहापैकी नऊ

प्रत्येक कट्ट्यावर एक टॅटूवाला दादा असतो. तुम्ही नुसतं "विचार चाललाय" म्हणायचा अवकाश, दादा चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि तुमच्याच अंगावर बोट फिरवत दुखण्याचा सातबारा वाचायला घेतो. "दंड, बाहेरून? दहापैकी तीन. मांस आहे. पोटरी चार. कोपराची आतली बाजू सात. घोटा आठ. आणि बरगड्या..." इथे तो थांबतो. बरगड्यांचा आकडा आपण विचारायचा असतो.

कारणं त्याला पाठ. बरगडीवर कातडी पातळ, खाली लगेच हाड, शिवाय दर श्वासाला जागा हलते. सुई जाते जेमतेम १ ते २ मिलिमीटर. हे सांगताना दादाची बोटं मात्र चांगलं पेरभर अंतर दाखवतात. रेघ मारताना चरचरतं, शेडिंगला तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडली जाते, हे सगळं खरं. खोटं एवढंच, की स्वतःच्या वेळी त्याला डुलकी लागली होती. वर्षभर रक्तदान करता येत नाही, याचंसुद्धा त्याला भूषण! मनगटावर पिटुकलं फुलपाखरू काढणाऱ्यांना तो मोजत नाही आणि सुन्न करणारं क्रीम लावणाऱ्यांशी तर बोलतच नाही.

मशीनचं पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये ओरायलीने घेतलं, एडिसनच्या विजेच्या पेनावरून, हेही तो ऐकवतो. त्याच्या आजीच्या कपाळावर नि हनुवटीवर गोंदण आहे. मशीन नाही, काही नाही. जत्रेत, कोवळ्या वयात, चौघींनी धरून. तिला आकडा विचारला तर "रडले असेन बाई" म्हणत ती शेंगा सोलत राहते. दादा हा विषय काढत नाही.

मग एवढं कळत असून यानं बरगड्याच का निवडल्या? दंडावरची बाही सरकली की आईला दिसणार. मनगट मुलाखतीत दिसणार. पोटरी स्वस्तात सुटली असती, पण काढायचा होता गणपती, आणि कमरेखाली देव काढत नाहीत. उरली बरगडी. कट्ट्यावर कुणी मागितलं नाही तरी शर्ट वर होतो. घरी मात्र भर मे महिन्यातही बनियन उतरत नाही, आणि दिवाळीच्या पहाटे आई उटण्याची वाटी घेऊन आली की, "मी काय लहान आहे का आता?" म्हणत दादा आतून कडी लावतो.