मैदान राहू द्या, हजेरीपट दाखवा

प्रति,
पेण व रोहा तालुक्यांतील माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे सन्माननीय चालक यांस,



विद्यार्थ्याची जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवड झाली की आपण नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावता आणि त्यात खेळाडूपेक्षा संस्थाध्यक्षांचा फोटो मोठा असतो. असू द्या; फ्लेक्सचे पैसे त्यांचे, चेहराही त्यांचाच. प्रश्न एवढाच की ज्या दिवशी निवड चाचणी होती, त्या दिवशी आपल्या हजेरीपटावर या मुलापुढे काय लिहिले होते?

प्रवेशाच्या दिवसांत पालक माहितीपत्रकातले मैदान बघतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडचा कबड्डीपटू शाळेच्या मैदानावर क्वचितच घडतो. तो गावच्या मंडळात घडतो: संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, तांबड्या मातीत, थोरल्या खेळाडूंच्या पकडीतून सुटायला शिकत. पुढे त्याच्यासमोर दोन वाटा असतात. एक शालेय स्पर्धांची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. या वाटेवर आपण सोबत असता, कारण जर्सीवर आपले नाव असते. दुसरी वाट कबड्डी संघटनेची: मंडळाकडून जिल्हा अजिंक्यपद, तिथून जिल्ह्याचा संघ, मग राज्य. तिथे जर्सीवर मंडळाचे नाव, म्हणून आपल्या लेखी तो मुलगा ‘विनापरवानगी गैरहजर’. अशा मुलाच्या पालकांनी शाळा निवडताना मैदानाची लांबी-रुंदी विचारण्यात काहीच हशील नाही. रजा कोण देतो आणि बुडालेली चाचणी पुन्हा घेतात का, एवढे विचारावे.

यावर आपले उत्तर ठरलेले आहे: ७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना सारखा. उत्तम नियम! पण तो सर्वांना सारखा लागत असता, तर ‘इंटिग्रेटेड’ नावाचा चमत्कार महाराष्ट्रात घडलाच नसता. अकरावीला नाव एका महाविद्यालयात आणि मुलगा दोन वर्षे दुसऱ्याच शहरातल्या क्लासमध्ये, ही सोय इतकी बोकाळली की २०१८ मध्ये राज्य शासनाला अनेक विभागांत विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश काढावा लागला. म्हणजे न आलेल्या मुलाला सांभाळून घेण्याची कला आपल्या शिक्षणव्यवस्थेला चांगलीच अवगत आहे. जेईईसाठी दोन वर्षे गायब राहणारा हुशार ठरतो आणि राज्य स्पर्धेसाठी आठवडाभर जाणारा बेशिस्त, हे गणित कोणत्या इयत्तेत शिकवतात, तेवढे कळवावे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, टीव्हीवर झळकली आणि घरोघरी चढाईपटू दिसू लागले. त्यातले किती जण तिथवर पोचणार? फार थोडे. म्हणून तर शाळा जपून निवडायची. जो पोचणार नाही त्याच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र हवे, आणि ‘खेळ किंवा शिक्षण’ असा पेच टाकला की सोळा वर्षांचे पोर काय सोडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय शासनाने खेळाला आधीच किंमत दिली आहे. दहावी-बारावीला ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे शाळेनेच पाठवायचा असतो. म्हणजे खेळायला गेला म्हणून दंड करणारे आणि खेळून आला म्हणून गुण मागणारे टेबल एकच!

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने मान्य करायला हवी. हंगामात कोलाडपासून वडखळपर्यंत कुठे ना कुठे कोणाच्या तरी नावाचा चषक चालू असतो, सामने मध्यरात्र ओलांडतात आणि सकाळी पहिल्या तासाला खेळाडू बाकावर डोके टेकतो. अशा प्रत्येक चषकासाठी रजा मागणे हा निव्वळ लाड आहे. ती देऊ नये. निवड चाचणी, जिल्हा आणि राज्य अजिंक्यपद, एवढ्यापुरतीच बोली असावी. सक्तीच्या सराव शिबिराचाही तिच्यात समावेश करावा, कारण शिबिर चुकले की संघातली जागा जाते.

राहिला अंतराचा मुद्दा. २०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर एकाच पद्धतीने होऊ लागले, त्यामुळे रोह्याच्या घरात बसून पनवेलचे नामांकित महाविद्यालय पसंतीक्रमात पहिले टाकणे सोपे झाले. पण मुलाला रोज जायचे असते ते दिवा-रोहा गाडीने, नाहीतर २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने. तो परतेपर्यंत मंडळाचा सराव आटोपलेला असतो. खेळाडूच्या पालकांनी नामांकितापेक्षा जवळचे महाविद्यालय वर ठेवले, तर त्यात महत्त्वाकांक्षेची कमतरता नाही. आणि जवळची महाविद्यालये म्हणजे आपणच.

तेव्हा येत्या माहितीपत्रकात मैदानाच्या फोटोखाली चार ओळी वाढवाव्यात: कोणत्या स्पर्धांना रजा मिळेल, अर्जावर सही कोणाची, बुडालेले प्रात्यक्षिक कधी भरून घेणार आणि सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कोणते शिक्षक पाठवणार. जागा कमी पडली तर संस्थाध्यक्षांचा फोटो थोडा लहान करता येईल.



आपला नम्र,
प्रवेश अर्जाचा एक वाचक