पंचामृतातली साखर

अण्णा व्हीगन झाल्याची बातमी सोसायटीत सर्वांआधी दूधवाल्याला कळली. दोन पिशव्यांची एक झाली. ती उरलेली काकूंची. ‘मी व्हीगन नाही, मी फक्त त्यांची बायको आहे,’ असं त्या स्वच्छ सांगतात.

नुसतं दूध-तूप सोडून माणूस गप्प बसला असता, तर कुणी विचारलंही नसतं. अण्णांनी चौकशी आरंभली. चष्मा कपाळावर चढवून बिस्किटाचा पुडा वाचायचा, आणि त्यात ‘मिल्क सॉलिड्स’ सापडले की चोर पकडल्याचा आनंद! 2022 साली एफएसएसएआयने व्हीगन पदार्थांचे नियम केल्यापासून तर वाण्याला धडकीच भरली आहे. रेशमाचे किडे उकळून मारतात म्हणून सोवळं गेलं, चामडं म्हणून कोल्हापुरी गेली. भजनी मंडळातला तबलाही गेला, कारण पुडी बकऱ्याच्या कातड्याची. आता ठेका मांडीवर. ‘मांडीही कातड्याचीच की!’ म्हटलं, तर ‘ती मालकाच्या संमतीने वाजते,’ हे उत्तर तयार.

सत्यनारायणाला गुरुजींनी पळी पुढे केली, तेव्हा अण्णांनी दूध, दही, तूप, मध अशी चार बोटं मिटून दाखवली. गुरुजी मुरलेले. त्यांनी तळहातावर चिमूटभर साखर ठेवली आणि ‘पुढे चला’ म्हणाले.

थट्टा सोपी आहे. पण दूध चालू राहावं म्हणून गाय पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात, मग त्या गोऱ्ह्यांचं पुढे काय होतं, असं अण्णांनी विचारलं की गच्चीवरच्या मंडळींना एकदम खाली कामं आठवतात. मलाही.

बरं, पिठलं, भाकरी, ठेचा, सोलकढी हे काही 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हीगन सोसायटी काढेपर्यंत थांबले नव्हते. पण त्यात मजा कसली? अण्णा काजू भिजवून चीज करतात. ‘एवढ्या काजूंत दिवाळी झाली असती,’ इति काकू.

परवा रक्तात बी-12 कमी निघालं. ते झाडपाल्यातून मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. अण्णांनी ती दोन बोटांत धरून उघडली, पावडर चमच्यात झटकली, पाण्याबरोबर घेतली आणि रिकामं कवच ताटाबाहेर ठेवलं.

काकूंनी ते चिमटीत उचललं. ‘याचं सुतक किती दिवस धरायचं?’